खिशातला कंडक्टिव्हिटी मीटर, साबणाचं पाणी आणि प्रोफेसर मॅकबेन

ऑनलाइन ‘ईसी मीटर’ असं शोधलं की पेनाच्या आकाराचे डझनभर मीटर समोर येतात. ईसी म्हणजे वाहकता (कंडक्टिव्हिटी): पाणी वीज किती वाहून नेतं ते हा मीटर मायक्रोसीमेन्स या एककात सांगतो. खाली धातूची दोन टोकं, वर छोटा पडदा, मध्ये तीन बटणं आणि आत बटणासारखे चपटे सेल. आरओ बसवणारे, मातीविना भाजी पिकवणारे, माशांच्या टाक्या सांभाळणारे लोक हे मीटर घेतात, आणि त्यावरचे अभिप्रायही बहुतेक त्यांचेच असतात. मी घेतला तो बी.एस्सी.च्या भौतिक रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी. किंमत हजार रुपयांच्या आत. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही तो घ्या असंच मी सांगेन, पण तो कशासाठी वापरायचा आणि कशासाठी नाही हे नीट कळलं पाहिजे, म्हणून जरा लांबण लावते आहे.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. टेबलावरचा चांगला कंडक्टिव्हिटी मीटर एकच, आणि बॅच वीस-बावीस मुलांची. म्हणजे दोघं आकडे घेतात, चौघं वहीत उतरवतात आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. पेन-मीटर आल्यापासून दर दोन मुलांच्या हातात स्वतःचा मीटर असतो. हा एवढा एकच फायदा असता तरी मी पैसे वसूल झाले म्हटलं असतं.

पण खरी गंमत आहे ती एका प्रयोगात. सोडियम डोडेसिल सल्फेट हा शांपूत आणि टूथपेस्टमध्ये फेस आणणारा पदार्थ. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्याकडून त्याची शुद्ध पूड मागवायची. २.८८ ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केलं की त्याची तीव्रता ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल, होते. पूड फार हलकी असते, उडते, नाकात गेली की झोंबते, त्यामुळे वजन करताना मास्क लावायला सांगा आणि फेस होऊ नये म्हणून हलक्या हाताने ढवळायला सांगा. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, मात्र मीटर आधी त्यातच बुडवून बघा. आकडा दोन-चार मायक्रोसीमेन्सच्या वर असेल तर दुसरा कॅन आणा. नळाचं पाणी नको, आणि या पुडीऐवजी हँडवॉश ओतणं तर अजिबातच नको. हँडवॉशमध्ये घट्टपणासाठी मीठ घातलेलं असतं, त्याच्या आयनांपुढे, म्हणजे भारित कणांपुढे, बाकी काही दिसतच नाही.

चंचुपात्रात १०० मिलिलिटर पाणी, त्यात सिरिंजने एकेक मिलिलिटर साबणाचं (म्हणजे डोडेसिल सल्फेटचं) द्रावण, दर वेळी हलकेच ढवळून आकडा. पहिल्या मिलिलिटरला आकडा जवळजवळ ७० मायक्रोसीमेन्सने चढतो. दुसऱ्याला तेवढाच, तिसऱ्याला थोडा कमी. आठव्या मिलिलिटरपर्यंत साधारण ५०० गाठलेले असतात. नवव्याच्या आसपास मुलं अस्वस्थ होतात, कारण ५५-६०च्या उड्या मारणारा आकडा आता एका मिलिलिटरला वीस-बावीसनेच हलतो.

‘‘मॅडम, मीटर अडकला.’’ दर वर्षी हेच वाक्य, दर वर्षी वेगळ्या मुलाच्या तोंडून.

अडकलेला नसतो. तो अगदी बरोबर सांगत असतो. लिटरला ८ मिलिमोलच्या जरा पुढे गेलं की नव्याने घातलेले साबणाचे आयन सुटे राहतच नाहीत, ते साठेकच्या घोळक्याने एकत्र येतात. तेलकट शेपट्या आत, भारित डोकी पाण्याकडे. या घोळक्याला मायसेल म्हणतात. मायसेल भोवतीच्या सोडियम आयनांपैकी बरेचसे स्वतःला चिकटवून ठेवतं, त्यामुळे वीज वाहून न्यायला मोकळे आयन कमी उरतात आणि आलेखाची रेघ मोडते. मुलं आलेख काढतात, दोन सरळ रेषा ओढतात, छेदनबिंदू शोधतात. मायसेल बनायला लागतात ती तीव्रता म्हणजे हा बिंदू. हजार रुपयांच्या आतल्या पेनाने २५ अंशांना त्याच्या छापील मूल्याच्या, म्हणजे लिटरला ८.२ मिलिमोलच्या, इतकं जवळ जाता येतं की मला पहिल्यांदा विश्वासच बसेना.

या मोडलेल्या रेघेपाशी मी प्रात्यक्षिक थांबवते आणि मुलांना जेम्स विल्यम मॅकबेन यांच्याबद्दल सांगते. मीटरच्या अभिप्रायात त्यांचं काय काम, असं वाटेल. पण या पेनाचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे: एका माणसाने आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी वाद घातला, ती तासाभरात मुलांच्या हाताखाली घडते. आणि तो माणूस पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, आपल्या एनसीएलचा, पहिला संचालक होता. पाषाणवरून बसने जाताना ती इमारत बघितलेली मुलं माझ्या वर्गात असतात. मॅकबेन हे नाव मात्र त्यांनी ऐकलेलं नसतं.

मॅकबेन यांचा जन्म कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधल्या चॅटम गावी, २२ मार्च १८८२ रोजी. शिक्षण टोरंटोत, मग जर्मनीत लाइपझिग आणि हायडेलबर्ग. भौतिक रसायनशास्त्र ही शाखा तेव्हा नवी होती आणि ती शिकायची तर जर्मनीलाच जावं लागे. १९०६ साली ते इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला शिकवायला आले. ब्रिस्टलला विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९०९ मध्ये, म्हणजे संस्था आणि हा तरुण अध्यापक दोघंही बरोबरीनेच उभे राहत होते.

तिथे त्यांनी साबण धरला. साबण हा विषय त्या काळी कारखानदारांचा. शास्त्रज्ञाने त्यात एवढं काय पाहावं? पण साबणाच्या पाण्यात एक कोडं होतं आणि ते त्यांनी सोडलं नाही. परासरण दाब, बाष्पदाब असे गुण द्रावणात किती सुटे कण आहेत त्यावर ठरतात. साबणाचं जरा दाट पाणी या कसोटीला लावलं तर त्यात कण फारच थोडे आहेत असं दिसे, जणू बहुतेक साबण मोठमोठ्या गठ्ठ्यांत बांधला गेला आहे. तेच पाणी वाहकतेच्या कसोटीला लावलं तर ते साध्या मिठासारखी वीज वाहून नेई. गठ्ठे असतील तर वीज कोण नेतंय? आणि आयन सुटे असतील तर परासरण दाब कुठे गेला?

त्या वेळचं सोपं उत्तर होतं अल्कली. साबण पाण्यात थोडा विघटित होतो, अल्कली सुटते, आणि वीज नेते ती अल्कलीच, असं म्हणता येत होतं. मॅकबेन आणि त्यांचे सहकारी अल्कली मोजत बसले. ती फारच थोडी निघाली, एवढ्या वाहकतेला पुरेल इतकी नाहीच. मला हा भाग विशेष आवडतो. विरोधकाचा मुद्दा खोडताना त्यांनी शब्द नाही वापरले, मापं वापरली. आणि मापंही सोपी नव्हती. सोडियम पामिटेटसारखा साबण गार पाण्यात विरघळतच नाही, म्हणून काम ९० अंशांना. त्या तापमानाला साबणाचं पाणी काच खातं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बिघडतं, आणि फेस तर ठरलेलाच. आमच्या मुलांना पंख्याखाली, खोलीच्या तापमानाला जे जमतं त्यामागे डोडेसिल सल्फेटची सोय आहे. ते गार पाण्यात विरघळतं आणि त्यात अल्कलीची भानगडही नाही.

१९१० च्या सुमारास पामिटेटच्या वाहकतेचं काम त्यांच्याबरोबर मिलिसेंट टेलर यांनी केलं. त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि तिथून सायकलने ब्रिस्टलला संशोधनासाठी जात. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वर करतात. पुढे मेरी लेंग आल्या. सोडियम ओलिएटच्या द्रावणाची तीन रूपं, पातळ, जेली आणि दह्यासारखं घट्ट, यांवरचा १९२० चा निबंध लेंग आणि मॅकबेन यांचा आहे. नंतर दोघांचं लग्न झालं आणि साबणाचं काम त्यांनी मिळून चालू ठेवलं. मॅकबेन यांची गोष्ट सांगताना या दोघींची नावं गाळली जातात, ते मला पटत नाही. तापमान सांभाळत, फेस टाळत, तासन्तास आकडे घेणं हेच ते संशोधन होतं.

मॅकबेन यांचं उत्तर १९१३ मध्ये लंडनला फॅरडे सोसायटीच्या कलिलांवरच्या (द्रवात तरंगणाऱ्या, रेणूंहून मोठ्या कणांवरच्या) चर्चेत पुढे आलं. गठ्ठे आहेत, आणि वीजही गठ्ठेच नेतात. समजा दहा आयन एकत्र आले. भार दहापट झाला. पण पाण्यातून सरकताना होणारा अडथळा दहापट होत नाही, तो गोळ्याच्या त्रिज्येप्रमाणे वाढतो, म्हणजे जेमतेम दुप्पट. तर असा गोळा सुट्या आयनापेक्षा सुस्त असण्याचं कारण नाही, उलट तो जास्त चपळ असू शकतो. फळ्यावर दोन ओळींत मावणारा हिशेब आहे. पण कलिल कण म्हणजे मोठा, मंद, विजेच्या कामाला निरुपयोगी ही समजूत तेव्हा इतकी घट्ट होती की रॉयल सोसायटीत त्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेल्या मोठ्या शास्त्रज्ञाने ‘‘नॉन्सेन्स, मॅकबेन!’’ असं म्हटल्याचा किस्सा साबण-रसायनाच्या वर्तुळात आजही सांगितला जातो. आमच्या मुलांना ‘मीटर अडकला’ वाटतं त्याच जागी मोठमोठे लोक अडकले होते, हे त्यांना कळलेलं मला हवं असतं.

सगळंच त्यांचं बरोबर ठरलं असं नाही. त्यांच्या मते मायसेलचे दोन प्रकार होते: एक लहान, भारित, वीज नेणारा, आणि दुसरा मोठा, थरांचा, जवळपास भाररहित. १९३६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हार्टली यांनी गोल मायसेलचं चित्र मांडलं, आणि पाठ्यपुस्तकात आज छापलं जातं ते साधारण त्याच वळणाचं. मोकळे सोडियम आयन चिकटून राहतात, त्यामुळे आमच्या आलेखात रेघ वर न जाता खाली मोडते, हेही मुलांना वेगळं समजवावं लागतं. पण घोळका होतो आणि तो भारित असतो, हा पाया मॅकबेन यांचा.

१९१९ मध्ये ब्रिस्टलला भौतिक रसायनशास्त्राचं लेव्हरह्यूम अध्यासन सुरू झालं आणि मॅकबेन त्याचे पहिले प्राध्यापक झाले. लॉर्ड लेव्हरह्यूम म्हणजे सनलाइट साबणवाले लीव्हर. ज्याच्या कारखान्यात वडी पडते त्याचंच नाव साबणाचं कोडं सोडवणाऱ्याच्या खुर्चीला लाभलं. १९२३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, आणि त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले.

आता मीटरबद्दल लिहिताना मॅकबेन यांच्या उपकरणांविषयी न लिहिणं अशक्य. वाद मिटवायला यंत्र बनवायचं, ही त्यांची जन्माची सवय. १९२६ मध्ये सहकारी बकर यांच्याबरोबर त्यांनी कोळशासारखा पदार्थ वायू किती धरून ठेवतो हे मोजायचा काटा केला. बंद काचनळीत क्वार्ट्झच्या तंतूची नाजूक स्प्रिंग टांगलेली, तिच्या टोकाला बोटाच्या पेरापेक्षा लहान बादली, बादलीत कोळसा. आत वायू सोडला की कोळसा तो शोषतो, जड होतो, स्प्रिंग ताणली जाते. बाहेरून सूक्ष्मदर्शकातून बादली किती खाली आली ते वाचायचं. नळी न उघडता, नमुन्याला हात न लावता वजन. याच तत्त्वाचे काटे पुढे कितीतरी वर्षं प्रयोगशाळांतून वापरात राहिले.

दुसरं यंत्र त्याहून धाडसी. साबणासारखे पदार्थ पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात, आणि ती गर्दी किती हे अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज यांनी एकोणिसाव्या शतकात कागदावर सूत्रात मांडलेलं होतं. पण पृष्ठभागाचा थर काढून मोजणार कसा? मॅकबेन आणि हम्फ्रीज यांनी १९३२ मध्ये तो खरोखरच कापला. रुळांवरून धावणारी पाती, वेग सेकंदाला दहा-अकरा मीटर, आणि तिने द्रावणाच्या माथ्यावरचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही पातळ थर उचलून घ्यायचा. मग त्या थराची तीव्रता आणि खालच्या द्रावणाची तीव्रता ताडून बघायची. गिब्ज यांचं सूत्र बरोबर निघालं. हे ऐकल्यावर एकाने विचारलं होतं, ‘‘मॅडम, पाणी उडत नसेल का?’’ याहून चांगला प्रश्न प्रात्यक्षिकात मला कुणी विचारलेला नाही. १९३९ मध्ये रॉयल सोसायटीने मॅकबेन यांना डेव्ही पदक दिलं.

आणि मग पुणं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या करायचं काम शांतिस्वरूप भटनागर यांच्याकडे होतं. भटनागर स्वतः भौतिक रसायनशास्त्रज्ञ. लंडनला रसायनशास्त्रज्ञ डोनन यांच्या हाताखाली १९२१ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली होती, आणि विषय होता मेदाम्लांचे धातुक्षार तेलात किती विरघळतात, तेलाच्या पृष्ठताणावर त्यांचा काय परिणाम होतो. मेदाम्लाचा धातुक्षार म्हणजे साबणच. पाषाणला एनसीएलची कोनशिला बसली ६ एप्रिल १९४७ रोजी, बाळासाहेब खेर यांच्या हस्ते. पंडित नेहरूंनी उद्घाटन केलं ३ जानेवारी १९५० रोजी. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं उद्घाटन त्याच महिन्यात, पण एनसीएलनंतर. त्याच जानेवारीत पुण्यात इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशनही भरलं होतं.

संचालक म्हणून आले मॅकबेन, १९४९ मध्ये. स्टॅनफर्डमधून निवृत्त झालेले, वय सदुसष्ट. पदकं झाली होती, नाव झालं होतं, कॅलिफोर्नियात बागेत बसायचं वय. त्याऐवजी त्यांनी अशा देशातलं काम घेतलं जिथे इमारत अजून पुरी व्हायची होती, उपकरणं बोटीने यायची होती आणि सगळ्या विभागांची घडी पहिल्यापासून बसवायची होती. १९५२ पर्यंत ते तिथे राहिले. १२ मार्च १९५३ रोजी त्यांचं निधन झालं. म्हणजे कामाची शेवटची वर्षं आपल्याकडे गेली. हे मला फार मोठं वाटतं, आणि त्यांच्या नावाची मराठी पाठ्यपुस्तकातल्या मायसेलच्या धड्यात एक ओळ तरी असावी असं मनापासून वाटतं.

त्यांच्यानंतर आले जॉर्ज इंगल फिंच, तेही भौतिक रसायनशास्त्रज्ञ. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनच्या नळकांड्या पाठीवर घेऊन चढणारे ते हेच फिंच. ते १९५७ पर्यंत होते, आणि मग मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून आलेले रंगरसायनतज्ज्ञ के. वेंकटरामन पहिले भारतीय संचालक झाले. फिंच यांच्यावर एक वेगळा तास होतो, तो गिर्यारोहण करणारी मुलं मागून घेतात.

परत मीटरकडे. तक्रारी आहेत, आणि त्या लिहिल्याच पाहिजेत.

पहिली आणि सगळ्यात त्रासाची: बुडबुडे. दोन टोकांच्या मधल्या खाचेत फेसाचा एक बुडबुडा जरी अडकला तरी आकडा एकदम पडतो. मीटर बुडवल्यावर भांड्याच्या काठावर हलकेच टिचकी मारायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. मुलांना पहिल्या दहा मिनिटांत ही सवय लागली तर पुढचं सगळं सरळ जातं.

दुसरी: ९९९ मायक्रोसीमेन्सपर्यंत एकेकाने मोजतो, त्यापुढे दहादहाने. म्हणून प्रयोग असा आखा की सगळे आकडे हजाराच्या आत राहतील. वर दिलेल्या मापांत ते राहतात. जास्त दाट द्रावण घेतलंत तर मोडलेली रेघ दिसणार नाही आणि मीटरवर विनाकारण ठपका येईल.

तिसरी: तापमानाची दुरुस्ती आपोआप होते, पण ती अंशाला सुमारे २ टक्के अशी ठरावीक आहे. मिठाच्या पाण्याला ती चालते, साबणाच्या पाण्याला सगळीकडे सारखी चालेल असं नाही. उन्हाळ्यात दुपारी प्रयोग लावला तर भांडं पाण्याच्या टबात ठेवून तापमान एकाच ठिकाणी धरून ठेवा. हिवाळ्यात सकाळी उलटी अडचण, १६ अंशांच्या खाली डोडेसिल सल्फेट बसायला लागतं आणि द्रावण गढूळ होतं.

चौथी: ‘टीडीएस’ हे बटण. त्याकडे ढुंकूनही बघू नका. वाहकतेला एका ठरावीक आकड्याने गुणून पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळलाय याचा अंदाज तो सांगतो. आयनांच्या घोळक्याला तो आकडा लागू नाही.

कॅलिब्रेशनसाठी १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण लागतं, म्हणजे २५ अंशांना ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड. खोक्यात त्याची पुडी यायला हवी. मी ज्या विक्रेत्याकडून घेतले त्याच्या अर्ध्या खोक्यांत पुडीच नव्हती आणि एक मीटर सेल घातल्यावर सुरूच झाला नाही. मीटर बदलून मिळाला, पुड्या मात्र नाही मिळाल्या. वजनकाटा चांगला असेल तर पुडीची वाट बघू नका: ०.७४५६ ग्रॅम वाळवलेलं पोटॅशियम क्लोराइड लिटरभर पाण्यात, झालं प्रमाण द्रावण. मुलांकडूनच करून घ्या. मीटरवर विश्वास का ठेवायचा हे त्यांना त्यातून कळतं.

टोकं वापरून झाल्यावर डिस्टिल्ड पाण्यात दोनदा बुडवून झटकून ठेवायची. बोटाने किंवा फडक्याने पुसायची नाहीत. साबण वाळून बसला तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या पाण्यातही आकडा हलत राहतो.

आता मला हवाय तो गरम पाण्यात चालणारा मीटर. या पेनांची मजल ५० अंशांच्या आसपास संपते, त्यापुढे प्लॅस्टिक आणि सर्किट दोन्ही धोक्यात. सोडियम पामिटेटचं पाणी ९० अंशांना धरून, टेलर बाईंनी घेतले तसे आकडे मुलांना घ्यायला लावायचे, ही माझी पुढची इच्छा आहे. त्यासाठी लांब वायरचा, वेगळा प्रोब असलेला मीटर लागेल. तसा कुणी वापरला असेल आणि तो साबणात टिकला असेल, तर जरूर कळवा. तोवर सोडियम ओलिएट घेऊन याच पेनाने काम चालू आहे. ते खोलीच्या तापमानाला विरघळतं, पण त्याची रेघ फार लवकर मोडते, लिटरला मिलिमोल-दोन मिलिमोलच्या घरातच. म्हणून एक मिलिलिटरऐवजी इन्सुलिनच्या सिरिंजने अगदी थोडं थोडं घालायचं. पाणी ताजं उकळून गार केलेलं हवं आणि भांडं झाकलेलं, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाऊन ओलिएट गढूळ करतो.